मीटरची उंची

एकतीस वर्षं मी बडोद्यात मीटर वाचले.
बॅटरी मारायची, आकडा टिपायचा,
कुत्रं बांधलंय का ते बघायचं, पुढचं दार.

नीलतारा सोसायटी: बत्तीस घरं,
विश्वामित्रीकडे पाठ करून बसलेली.
नदीच्या बाजूला मोऱ्या, संडासाचे पाइप, फुटक्या कुंड्या.
आठ महिने तिच्याकडे कुणी बघत नाही,
वास आला की खिडकी लावतात, इतकंच.

नोकरी लागली तेव्हा मीटर माझ्या छातीशी होते.
एका पुरानंतर ते कपाळाशी गेले.
पुढच्या पुरानंतर मी स्टूल मागू लागलो.
जयवंतीबेन स्टूल द्यायच्या, धरूनही ठेवायच्या.
मग एका भाद्रपदात ते स्टूलच वाहून गेलं.

मीटरमागोमाग बाकीचं घर चढलं.
फ्रिज विटांवर, देव माळ्यावर,
गॅसची टाकी खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलेली,
जनावरासारखी.
मुलगी द्यायला आलेली माणसं
पगाराच्या आधी विचारत, पाणी कुठवर येतं?

पलीकडे कोतरं होती.
पावसाळ्यात नदी तिथे हातपाय पसरायची.
तिथे राडारोडा टाकून पार्टी प्लॉट झाला,
लॉन, कारंजं, नवरदेवासाठी घोडा.
आता तिला पसरायला नीलतारा आहे.

नूरभाईंच्या ओट्यावर, स्कूटरच्या आडोशाला,
सात फुटी मगर बसली होती.
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखी, गप्प.
कुणी ओरडलं नाही. फोन लावला.
पोरं आली, जबड्याला चिकटपट्टी लावली,
रिक्षात आडवी घालून घेऊन गेली.
नूरभाईंनी ओटा धुतला आणि चहा ठेवला.

हे सगळं मी हसत सांगतो.
एक गोष्ट सांगत नाही.

पाणी चढू लागलं की वीज आम्हीच तोडायचो.
त्या रात्री डीपीपाशी मी होतो, मांडीएवढ्या पाण्यात.
एकोणीस नंबरमधून फोन आला,
उद्धवराव मांजरेकर ऑक्सिजनच्या मशीनवर होते.
सून म्हणाली, अर्धा तास द्या, ट्रॅक्टर निघालाय.
मी वीस मिनिटं दिली.
एकविसाव्या मिनिटाला पाणी डीपीच्या पायाला लागलं.

ते त्या रात्री गेले नाहीत.
संक्रांतीनंतर गेले, दवाखान्यात, कोरड्यात.
पुराच्या यादीत त्यांचं नाव नाही.
त्यांच्या सुनेनं मला कधी काही विचारलं नाही.
मी मात्र त्या दाराचा आकडा
नेहमी दोनदा वाचायचो.

आता मीटर स्वतःच आकडा पाठवतात.
मी रिटायर. संध्याकाळी चक्कर मारतो.
भिंतींना नवा रंग दिलाय, पिस्ता.
रंगानं पुराची रेघ झाकते,
पहिली ओल आली की आतून परत उमटते.

आजव्याचा आकडा आज पेपरात वाढलेला होता.
जयवंतीबेन दारात उभ्या. "साहेब, आ वरसे केटलुं?"
मी काय सांगणार. हात वर केला,
अंदाजानं, खांद्याच्या थोडा वर.

त्या आत गेल्या
आणि लोणच्याची बरणी
एक फळी वर ठेवली.