हजेरी

फाटकावर तिकिटं फाडायचं काम माझं,
आणि हाफ टाइमला डोकी मोजून वहीत लिहायचं.
दोनशे अकरा. एकशे ऐंशी.
शहरातला मोठा क्लब टीव्हीवर असला की चौसष्ट.
गिस्लेनचं कुत्रं मी धरत नाही,
ते फुकट येतं.

मार्सिमोंचं मैदान खाणीच्या मातीच्या ढिगाला
पाठ टेकून बसलंय.
खाण बंद झाली तेव्हा बाप माझा सत्तावीसचा.
खाली उतरायला काही उरलं नाही,
म्हणून सगळे वर बघायला लागले:
चौथ्या विभागातून तिसऱ्या.
एकदा गेलो. एकच मोसम.
अजून त्याच्याच गप्पा मारतो.

एक्झोसे आठ वर्षांचा असताना आला,
मोठ्या भावाचे बूट, पुढे कागद कोंबलेला.
नावाचा अर्थ म्हणे नवसाचा.
आई त्याची चर्चमधून थेट यायची, हिरव्या झगझगीत कपड्यांत,
आणि पंचाला आमच्यापेक्षा सरस शिव्या द्यायची.
डाव्या पायावर तो चेंडू असा उतरवून घ्यायचा
जसं झोपलेलं मूल कुणी पाळण्यात ठेवावं.
बाहेर आम्ही त्याचं नाव काढत नसू.
घरात सोनं असलं की माणूस बोलत नाही.

तरी वास लागलाच.
एक माणूस आला, थर्मास घेऊन, रीतसर तिकीट काढून
(मीच फाडलं ते, सहा युरो),
कोपऱ्यात उभा राहिला, चेंडूकडे एकदाही बघितलं नाही.
फक्त पोराच्या पायांकडे.

भरपाईचा तक्ता असतो. वर्षाला इतके, गुणिले सात.
त्यात बॉयलर बसला,
उरल्यात गोलची जाळी. एकच.
ओत्ताविओ म्हणाला, एक हाफ श्रीमंतीत, एक गरिबीत.
कुणी हसलं नाही.
पाणी मात्र कढत यायचं,
आणि त्याखाली उभ्या पोरांना ठाऊक होतं
आपण एक्झोसेने अंघोळ करतोय.

त्यांनी त्याला नेलं आणि ठेवून दिलं.
खेळवायला नव्हे,
दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून.
मग उसना दिला हॉलंडात, मग सायप्रसला,
शेजारी भांडं द्यावं तसा;
भांडं रिकामं परत पाठवू नये
ही रीत त्यांच्यात नाही.

मग आमचीच पाळी.
त्याच मालकांचे सहा देशांत अकरा क्लब.
अकरा, म्हणजे संघ पुरा. आम्ही राखीव.
चकचकीत बुटांची माणसं आली, वाकून गवत चाचपलं,
पिवळ्या-काळ्याच्या जागी फिकट राखाडी दिला,
म्हणाली, समूहाचा रंग आहे.
गिस्लेनने विचारलं, ह्यात डाग लपतात का?
एकोणतीस वर्षं जर्स्या धुतेय ती. दुसरं काय विचारणार?

इथे प्रत्येक क्लबाला नोंदणीचा आकडा असतो,
जितका लहान तितका क्लब म्हातारा.
आमचा तीन आकडी, ओत्ताविओच्या दंडावर गोंदलेला.
हिशेब जुळेना तेव्हा त्यांनी तो उचलला
आणि साठ किलोमीटरवरच्या गावाला लावला,
तिथे पार्किंग बरं आहे.
ओत्ताविओचा दंड आता परगावचा.

काल कॅफेत एक्झोसे टीव्हीवर दिसला.
बाकावर. कोटाची चेन हनुवटीपर्यंत.
कॅमेरा दुसऱ्या कुणाकडे निघाला होता, वाटेत तो लागला.
कुणी ओरडलं, आमचा! आमचा!
तोवर पडद्यावर नुसतं गवत.

आज शनिवार. सामना नाही.
सवयीने अडीचला गेलो.
किल्ली अजून माझ्याकडेच, कुणी मागितलीच नाही.
एका टोकाला नवी जाळी, एका टोकाला जुनी.
गिस्लेन आली, बादलीशिवाय,
हात कुठे ठेवावेत तिला कळेना.

वही उघडली. दोन लिहिले.
मग कुत्र्याकडे बघितलं,
खोडलं,
आणि तीन केले.