हिडीरी, बिडरी

पंचवीस शेक झाले.
बिडीच्या हिशेबात एक कट्टा.
मग आतले तीन, ते वेगळे,
त्यांची गोष्ट मी जैबूलासुद्धा सांगितली न्हाई.
निपाणी ते बेळगाव, संकेश्वरात च्या,
हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ दर खेपेला वाटायचं
आता धरवत न्हाई,
आणि ड्रायव्हरला थांब म्हणायचं कुठल्या भाषेत.

गाठ गेली म्हणाले. लेकानं पेढे वाटले.
शिंकलं की लुगडं का बदलतीस,
हे कुणी विचारलं न्हाई.
तीस वर्षं सूप मांडीवर घेऊन बसायचो मी,
आता मांडी घातली की
रात्री न भिजवलेलं पान मोडावं
तसं होतंय आत.

दानेश्वरी मॅडम रायबागची. माझ्या धाकटीएवढी.
मराठी तिचं तुटकं, कन्नड माझं बाजारापुरतं,
त्यात भाव करता येतो, अंग सांगता येत न्हाई.
तिनं चित्र दाखवलं, हाडांच्या मधी ताणलेली झोळी.
ह्याला तुमच्यात काय म्हणतात?
लई आठवलं मी.
आईनं तिकडच्या सगळ्याला मिळून एकच शब्द दिलेला, खाली.
खाली धू. खाली बघू नको.
म्हटलं, सूप म्हणा.
तिनं वहीत लिहून घेतलं, कन्नड अक्षरांत, सूप.

आडवं व्हा. सूप उचला वर,
तंबाखू सांडू द्यायचा न्हाई.
हिडीरी.

धरलं. धरायला काय.
कारखान्यात चारशे बाया, संडासाला दारं दोन,
त्यातल्या एकाला कडी न्हाई.
चेकरची छाट काढून होईस्तोवर
धरूनच बसायची सवय.

बिडरी, मॅडम म्हणाली.
बिडरी की.

मला हसू फुटलं.
तीस वर्षं वरनं बिडी, आता खालनंबी?
तिला कळंना. मी बोटांनी हवेतच एक वळून दाखवली,
तोंड मुडपलं, दोरा बांधला.
मग तीबी हसली,
आणि हसता हसता माझे दोन थेंब चादरीवर गेले,
आणि कुणी काय म्हणालं न्हाई.

पण सुटत न्हवतं.
मला वाटायचं सोडायला काय शिकायचं,
ते आपोआप हुतंय.
ती पोटावर हात ठेवून थांबून राहिली.
बाहेर नंबर पुकारत होते, चौतीस, मूवत्तनाल्कु,
कुणीच उठत न्हवतं.
दोरा लई ओढला तर पान फाटतंय, मीच म्हटलं,
ढिला ऱ्हायला तर गळतंय.
अदऽ री, म्हणाली ती. अदऽ.

निघताना कागदात गुंडाळून दिल्या
चार पांढऱ्या कांड्या, लहानापासून मोठी,
मेणबत्तीगत, वात नसलेल्या.
आठवड्यातनं तीनदा, न्हाईतर वाट चिकटंल.
मालक जाऊन अकरा वर्षं झाली बाई,
आता ही वाट कुणासाठी राखू?
तपासायला, म्हणाली. परत काय उगवलं
तर डॉक्टरला बघता आलं पायजे.
मग घुटमळली, मराठी शब्द शोधला, घावला न्हाई.
निमगऽ, म्हणाली.

हा शब्द मला येतो.
बाजारात ऐकतो की, निमगऽ, तुम्हाला,
पण दर वेळी त्याच्यामागनं हात पुढं येतो, पैशाला.

आता दुपारी पोत्यावर पडतो मी, गुडघे उभे,
कांड्या दोऱ्याच्या डब्यात, वर कात्री.
काल जैबू न सांगता आत आली.
काय करतीस गं?
बिडी.
ती बघत उभी राहिली. चार पोरं झाली तिला,
खोकताना ती दाराची चौकट धरते, मी बघितलंय.
किती वळायच्या?
दहा. दिवसातनं तीनदा.
आणि मजुरी?
मी मोजत होतो, उत्तर दिलं न्हाई.
तिनं चपला काढल्या,
पोत्याचं दुसरं टोक सरळ केलं.
सहा. सात.