उलटा धूर

बोलावलं होतं वीजबिलासाठी.
कोपरखैरणे, माथाडी वसाहत,
खांद्याला खांदा लावून उभी घरं.
खाली एक खोली मिळालेली, तिच्यावर दोन माळे
हणमंत शेडग्यांनी पाठीवरून चढवलेले;
इतक्या गोणी म्हणजे इतक्या विटा,
तोंडपाठ हिशोब.

मी नेहमीसारखी सुरुवात केली.
फ्रिजच्या दारात दहाची नोट धरली,
दार लावलं. नोट आपसूक हातात आली.
वरच्या माळ्यावर स्टुलावर चढून
स्लॅबला तळवा लावला:
रात्रीचे आठ, आणि दुपार अजून तिथेच बसलेली.
"गच्चीला पांढरा रंग मारा. फ्रिजचं रबर बदला."
वहीत लिहिलं. चहा आला.

चहा देता देता सून म्हणाली, सहज,
"तुमच्या त्या मशिनीत डोकेदुखी दिसते का हो?
माझं रविवारी फार दुखतं."
डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिलेल्या.
सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवलेल्या.
"रविवारीच?"
"रविवारी केस धुते ना. वेळ लागतो."

मी कप खाली ठेवला.

न्हाणी जिन्याखाली.
भिंतीवर गॅसचा गीझर, त्याच्या डोक्यातून निघालेला
मनगटाएवढा पाइप बाहेरच्या बोळात.
"धूर जातो त्यातनं," हणमंतराव म्हणाले, "मिस्त्री बोललाय."
खिडकी होती एके काळी.
शेजाऱ्याने मागे भिंत वाढवली, मग हिच्यावर प्लायवूड,
प्लायवूडच्या फटींवर कॅलेंडरच्या पट्ट्या, डासांसाठी.
बाकीच्या खिडक्या एसीसाठी बंद.
घर डब्यासारखं घट्ट. डाळ ठेवावी तर किडा लागू नये.

देवघरातली एक उदबत्ती मागून घेतली.
गीझर लावला, पाइपाच्या मुळाशी ती धरली.
धूर शहाण्यासारखा वर गेला.
"आता स्वयंपाकघरातला पंखा लाव, मोनाली."
खटका वाजला.
धूर थबकला,
वळला,
आणि माझ्या तोंडावर आला.

घर श्वास घेतंच.
पंख्याने आतली हवा ओढून बाहेर टाकली
की ते कुठूनतरी परत घेणार.
सगळी तोंडं मिटल्यावर
ते जळालेल्याच्या नळीतून घेत होतं.

ज्योत निळी होती, ती पिवळी झाली, टोकाला.
हातातलं यंत्र आधी शून्य, मग नऊ,
मग चाळीस, मग मी आकडे वाचणं सोडलं
आणि गॅसचा कॉक फिरवला.
वास काहीच नव्हता. तीच तर खोड.
तिच्या रक्तात लोह होतं गं सासूबाई,
लोहावर दुसरंच कुणी ठाण मांडून बसत होतं
दर रविवारी, शिकेकाईच्या फेसाबरोबर.

कुणी काही बोललं नाही.
हणमंतराव उठले, खिळ्यावरचा आकडा काढला,
मार्केटात गोणी ओढायचा, मूठ झिजलेली,
आणि त्याची चोच प्लायवूडमागे घातली.
"बत्तीस वर्षं कांदा वाहिला," ते भिंतीशी बोलत होते,
"वखारीची झडप मिटली की मुकादम आईवरनं शिव्या द्यायचा.
गोणीलासुद्धा जाळी असते, बाई.
गोणीलासुद्धा."

खिळे किंचाळले. कुठल्यातरी जुन्या वर्षाचा
श्रावण फाटून खाली पडला.
मागे चार बोटांची फट, शेजाऱ्याची भिंत,
आणि तिकडून लसणाच्या फोडणीचा वास.
दुसरी उदबत्ती लावली. धूर वर गेला,
पंखा चालू असताना. पण मी तेवढ्यावर विसंबत नाही.
लिहून दिलं: हा गीझर आतून काढा, बाहेर बसवा,
तोवर पाणी चुलीवर, म्हणजे शेगडीवर, खिडकी उघडी.

वीजबिल याने एक रुपयानेही उतरणार नाही
हेही सांगितलं, नाहीतर नंतर फोन येतात.

दारापर्यंत मोनाली आली.
"गोळ्या घेऊ का बंद करू?"
"डॉक्टरांना विचार.
पण आधी त्यांना न्हाणी सांग."