बेलाबेन, खाट बावीस

कॉम्प्युटरनं त्याला बायकांच्या वॉर्डात टाकलं.
चूक माझीच. पासपोर्टवर आधी आडनाव, मग नाव,
आपल्या शाळेतल्या हजेरीपटासारखं : कोचिश बेला.
मी वाचलं बेला, आणि पुढच्या रकान्यात
बोट आपोआप ‘स्त्री’वर पडलं.
रावपुऱ्यातला दवाखाना, एप्रिल, दुपारचे सव्वातीन,
पंखा होता, वारा नव्हता,
मागे अठरा जणांची रांग.

रमणभाई खुर्ची ढकलत आला नि ओरडला,
“बेलाबेन कोण? चालो, बेलाबेन!”
एक हात वर झाला. केसाळ, नखांत ग्रीस मुरलेलं.
पांढऱ्या मिशा, सत्तरीचा,
मकरपुऱ्याच्या कारखान्यात प्रेस बसवायला
हंगेरीहून आलेला, मूतखड्यानं वाकलेला.
रांग हसली. तोही हसला, जमेल तेवढं.
मी नाही हसले.
हाक आली तेव्हा
काउंटरमागे माझीही मान वळली होती.

एकतीस वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या हॉलमध्ये
ताटभर तांदळात ह्यांनी अंगठीनं ‘सुनेत्रा’ लिहिलं.
‘त्र’ काही जमेना, दोनदा तांदूळ सारखे केले.
आई म्हणाली, छान आहे नाव.
आईला मोगरा आवडायचा.
मुलीला मोगरा कशी हाक मारणार, म्हणून तिनं
शेजारच्या तिवारीणबाईंकडून बेला उसनं आणलेलं.
उसनं होतं, परत गेलं. एवढंच.

रात्री दुरुस्तीचा फॉर्म घेऊन वर गेले.
आता पुरुषांचा वॉर्ड, खाट पुन्हा बावीस.
“आमच्याकडे हे पुरुषाचंच,” तो म्हणाला,
त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच झिजलेलं.
“चार राजे झाले या नावाचे.”
सलाइन संपेपर्यंत त्याला दुसरं काम नव्हतं.
एक सिंहासनावर बसला, सिंहासनच मोडलं,
त्यातच तो गेला.
एकाचे डोळे लहानपणीच काढले, सख्ख्या काकानं,
तरी पुढे राज्य केलं, आंधळ्यानं.
एक मंगोलांपुढून पळाला, परतला तर गावं जळालेली,
मग डोंगरांवर दगडी किल्ले बांधत बसला.
“आणि उरलेला?”
“त्याचं बरं चाललं होतं. म्हणून आठवत नाही.”
मग एक जण मेणाची नळकांडी घेऊन खेडोपाडी हिंडला,
म्हाताऱ्याकोताऱ्यांची गाणी त्यांत धरून ठेवली.
“आमच्या गावात आला होता म्हणतात.
प्रत्येक गाव असंच म्हणतं.”
आणि शेवटी त्याचा मामा, ज्याचं नाव ह्याला लागलं.
“त्यानं काय केलं?”
“पाव,” तो म्हणाला. “चांगला पाव.”

अर्थ विचारला. म्हणे, नक्की कुणालाच ठाऊक नाही.
“तुमच्याकडे?”
एक फूल, मी म्हटलं. पांढरं.
मिशीवरून हात फिरवत तो बराच वेळ गप्प राहिला.
मी ‘स्त्री’ खोडलं, ‘पु.’ लिहिलं, खाली सही केली,
सुनेत्रा, लांब शेपटीची, बँकेत करते तशी.

तेवीस तारखेला खडा पडला.
लेकीचा फोन आला तिकडून, वॉर्डभर ऐकू जाईल असा.
त्यानं रमणभाईला पिटाळून किलोभर नानखटाई मागवली.
“आमच्यात वाढदिवसासारखा नावाचाही दिवस असतो.
आज सगळ्या बेलांचा.”
रमणभाईनं दोन घेतल्या, सिस्टरनं एक.
मी एक घेतली. मग तो खिडकीकडे बघत असताना
आणखी एक.

ती रुमालात बांधून घरी आणली.
ह्यांनी विचारलं, कुणाकडची?
बेलाची, म्हटलं.
“कोण बेला?” पेपर खाली न करता.
खाट बावीस, मी म्हटलं.
टेबलावर चुरा सांडला होता.
तो पुसायला मला बराच वेळ लागला.