अकरा मिनिटं

आमचं बोलणं अकरा मिनिटांचं.
बाराव्याला हा लॅपटॉप विमानासारखा घरघरतो
आणि पटकन काळोख.
त्सियाला अर्ध्या शब्दात, हात वर, तोंड उघडं.

सहा वर्षं आम्ही अकरा मिनिटांत मावतो.
आधी पैसे: पोचले, नाही पोचले.
मग माझे दात, मग गळकं छत, मग तिच्या बहिणीची गाय.
शेवटच्या मिनिटात दोघंही घाईघाईनं हसून घेतो,
गाडी सुटताना खिडकीतून हात हलवावा तसं.

काल गेगा म्हणाला, चौथ्या मजल्यावरचा,
मिशीही नीट न फुटलेला,
"काका, मरत नाहीये तो. तापतोय नुसता."
तीस वर्षं पोलादाच्या कारखान्यात क्रेनच्या तारा जोडल्या मी,
आणि हा मला तापणं शिकवतो!
पण गप्प बसलो. तिबिलिसीला गेलो, एलियावाच्या बाजारात,
पाच लारीला पेस्टची नळी आणली
आणि एक वापरलेली रॅम,
विकणाऱ्यानं आईची शपथ घेऊन दिलेली.

टेबलावर वर्तमानपत्र. त्यावर पेनानं लॅपटॉपचा नकाशा,
जिथला स्क्रू तिथंच ठेवायचा.
क्रेनचा बोल्ट माझ्या मनगटाएवढा असायचा;
हे म्हणजे मुंगीचे दात.
एक उडाला, फरशीच्या फटीत गेला,
आणि मी गुडघ्यांवर, चुंबक दोऱ्याला बांधून,
रुस्तावीच्या तिसऱ्या मजल्यावर मासे धरत बसलो.

झाकण निघेना. शिवी दिली. तरी निघेना.
मग नखानं, कडेकडेनं,
डाळिंबाचा पापुद्रा सोडवावा तसं.
टक्. टक्.
टक्.

पंख्यात धूळ नव्हती. पीठ होतं.
दमटून घट्ट झालेलं, नमद्यासारखं.
म्हणजे रात्री ती इथंच, कणीक तिंबता तिंबता
इटालियन शिकत होती:
बुओना सेरा, सिन्योरा. गोळ्या घेतल्यात का? उशी वर करू?
मला वाटायचं, स्वैपाकघरात कुणाशी बोलतेय.
मी आत टीव्ही मोठा करायचो.

टूथपिकनं कोरून काढलं. बशीत ठेवलं.
टाकणार होतो. नाही टाकलं. का, ते विचारू नका.
चिपवरची जुनी पेस्ट वाळक्या चुन्यासारखी;
घरच्या दारूनं पुसली, घोटभर मीही घेतली.
नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, गेगा म्हणाला होता,
दाण्याएवढीच.
मी दीड दाणा घातली.

सगळं बंद केलं आणि एक स्क्रू उरला.
उरू दे.
आमची पाळी बंद झाली तेव्हा आम्ही चाळीस जण उरलो होतो,
कारखाना चाललाच.

रात्री नऊ. ती आली पडद्यावर.
बारा मिनिटं. तेरा.
पैसे झाले, दात झाले, छत झालं, गाय व्यायली.
हसूनही झालं.
आणि ती तशीच आहे, समोर.
पंखा इतका गप्प
की नापोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय,
आणि आतल्या खोलीतल्या म्हातारीचा खोकला.

"काय रे, आज काय झालंय त्याला?"
"दुरुस्त केला."
"हं."
तिनं कांदा घेतला. सोलला. दुसरा घेतला.
मी चहात साखर ढवळली, विरघळलेली, पुन्हा ढवळली.
लाजलो की काय, या वयात.
"पंख्यात पीठ होतं," मी म्हणालो.
तिचा चाकू थांबला. मग चालू लागला.

सव्विसाव्या मिनिटाला, कांद्यावरची नजर न उचलता,
"नुगझार, छताचं राहू दे.
तू कसा आहेस?"

उरलेला स्क्रू मी बोटांत फिरवत राहिलो.
इतका बारीक. दिव्याकडे धरला
तर त्यावरचेसुद्धा आटे दिसतात.