अकरा मिलिमीटर

पुलगेटला कळ आली तेव्हा
माझ्या मुठीत सत्तावीस रुपये सुटे होते
आणि एक आजोबा म्हणत होते, गाडीतळ एक.
मी त्यांना तिकीट दिलं, वर तीन रुपये दिले,
मगच इंजिनाच्या झाकणावर वाकले.
खैरमोड्यांनी आरशातून बघितलं, गाडी कडेला घेतली.
मागून आवाज आला, आता काय झालं?

डाव्या मूत्रपिंडात, खालच्या कप्प्यात,
अकरा मिलिमीटर.
वालाच्या दाण्याएवढा, पिंपळखरे मॅडम म्हणाल्या.
पाणी किती पिता?
निघताना अर्धा तांब्या, मग घरी गेल्यावर.
का?

का ते काय सांगायचं.
भेकराईनगर ते मनपा, मनपा ते भेकराईनगर,
आणि बाईमाणसानं जावं अशी जागा एकच,
तिला कुलूप.
चावी कंट्रोलरकडे, कंट्रोलर चहाला.
बारा वर्षं जे पाणी प्यायलेच नाही
त्याचा खडा झाला.

आईनं कुळथाचं कढण पाठवलं,
शेजारणीनं पानफुटीची पानं,
डेपोतल्या पोरांनी बिअर सुचवली, अर्धी थट्टा, अर्धी माया.
खडा हलेना.
महिन्याचा पास काढून बसलेला.

ऑपरेशन म्हटलं की मला सासऱ्यांची पाठ आठवते.
बरगडीखालून पोटाकडे वळलेला वीतभर व्रण,
टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंना,
नातवंडं त्यावरून बोटांची आगगाडी चालवायची.
मॅडमनी केसपेपरच्या पाठीवर चित्र काढलं.
चिरा नाही. दोरीएवढी दुर्बीण,
तिच्यातून केसाएवढी लेझरची तार,
आणि जायचं लघवीच्याच वाटेनं.
म्हणजे जे दार मी दाबून धरलं
तिथूनच.

शुद्धीवर आले तेव्हा सिस्टर जिन्सी वाकून विचारत होती,
ताई, सू झाली का?
बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
रडायला आलं. तिला वाटलं, दुखतंय.
दुखतही होतंच. आत नळी ठेवली होती,
पंधरा दिवस दर खेपेला चटका.

रजेचा अर्ज बघून साहेब म्हणाले,
ऑपरेशन? आणि टाके?
मी पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली.
तळाला पिवळट चुरा, चिमूटभर.
त्यांनी ती खिडकीकडे धरली.
एवढंसंच?
एवढंसंच, साहेब.

आता दोन लिटरची बाटली असते सीटखाली.
मनपाला उतरते, चावी मागते.
आज मिळाली नाही. मी उभी राहिले.
माझ्यामागे निगडीच्या गाडीवरची मुलाणी,
तिच्यामागे एक नवीन पोरगी, नाव माहीत नाही.
गाडी सात मिनिटं उशिरा सुटणार होती.
शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहिलं, सुवाच्य अक्षरात.
मागे वळून बघितलं तर
खैरमोड्यांनी इंजिन बंद केलं होतं.