हौसाक्काच्या वाट्या

मार्गशीर्षातला गुरुवार टाळून, शुक्रवारी
कृष्णात चौगुले आला गगनबावड्याहून.
खताच्या पोत्यात गवत, गवतात बाटल्या.
म्हणाला, हौसाक्का, तुमच्या नाकाचं लई ऐकलंय.
खरं आहे. गुळाचा खडा हुंगून मी सांगते
कुठल्या गुऱ्हाळाचा,
आणि गुळव्याचा त्या दिवशी घरात तंटा झाला होता का.

तीन वाजता खानावळ रिकामी होते.
दार लोटून घेतलं. शुक्रवार पेठेत
भिंतींना कान असतात, आणि कानांना पाय.
पेले नव्हते. रश्श्याच्या वाट्या होत्या, स्टीलच्या.
"आक्का, हिला दारू म्हणायचं न्हाई. वाईन."
"बरं बाबा. गाढवाला घोडं म्हटलं म्हणून
भाडं वाढत न्हाई. ओत."

पहिली पलूसकडच्या द्राक्षांची,
लाल, बँकेच्या मॅनेजरसारखी गंभीर.
तिच्यासमोर तांबडा ठेवला.
एक घोट, एक भुरका,
आणि बाहेरगावचा पैलवान
सलामी द्यायच्या आतच चीत.
कृष्णातनं वही मिटली, परत उघडली.

दुसरी त्याच शिवारातली, पांढरी.
पांढऱ्या रश्श्यानं तिला सरकून जागा दिली.
लग्नात दोन अबोल विहिणी
एका सतरंजीवर बसतात, तशा बसल्या.
बोलल्या नाहीत. उठल्याही नाहीत.

तिसरी चंदगडच्या काजूबोंडांची.
वास असा, की चुलीजवळचं मांजर उठून गेलं.
मी डब्यातली सुकट काढली, घाट चढून आलेली,
तव्यावर कांद्याबरोबर परतली.
दोन तापट माणसं समोरासमोर आली
आणि एकदम सौम्य झाली. असं होतं कधीकधी.

चौथी काढताना कृष्णात बोलायचा थांबला.
त्याच्या बांधावरची सात झाडं, ज्येष्ठातली जांभळं,
तो वर फांदीवर, खाली शेवंता चादर धरून.
शेवंता म्हणते, जांभळं विकली असती
तर पैसे दिसले तरी असते.

सुक्क्या मटणाला लावली. नाही.
आजऱ्याच्या घनसाळ भातानं तोंड फिरवलं.
खरवसाशी तर भांडणच झालं.
ऊन ओसरीवरून उतरून गटारापर्यंत गेलं.
मला भूक लागली होती. माझं ताट तसंच
झाकून ठेवलेलं: जोंधळ्याची भाकरी, पावट्याची आमटी,
कडेला नवा गूळ.
चार घास खाल्ले आणि पाण्याची म्हणून
चुकून ती वाटी उचलली.

जांभळानं जीभ आखडून घेतली,
पावट्यानं ती सोडवली.
परत आखडली, परत सोडवली.
मी थांबले.
शिवारात या दोघांची कधी भेट होत नाही.
जांभूळ पिकतं तेव्हा पावट्याचं बी
राखेच्या मडक्यात झोपलेलं असतं,
आणि शेंगा भरतात तेव्हा त्या झाडाखाली
जमिनीवर डागसुद्धा उरत नाही.

"पावटा लिहू?" कृष्णात म्हणाला. "हॉटेलवाले हसतील."
"हसू देत. हसणाऱ्याचं तोंड उघडं असतं,
त्यात एक घास घाल."
"आणि तांबड्यापुढं? जागा मोकळीच ऱ्हायली."
"तिथं पाणी लिही. तेबी मागितलं तर."

वाट्या राखेनं दोनदा घासल्या.
एकीच्या कडेचा जांभळा पुसट कंगोरा
गेला नाही. ती वाटी गिऱ्हाइकाला देत नाही.
पोत्याच्या तळाची एक न उघडलेली बाटली
तो ठेवून गेलाय, मिठाच्या बरणीमागं आहे.
काल वांगी भाजली, बाटलीकडं बघितलं.
नको म्हटलं, एवढ्यात नको.
हरभरा घाट्यात भरू दे.